हरवलेल्या व्हरांड्याची गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात पुतणी चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. सुट्टी अशी नव्हतीच. संगणक बरोबर घेऊनच आली. जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सरकवून तिने आपले दुकान मांडले. थोड्या वेळाने मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले, तर पडद्यावर एक दुमजली इमारत हळूहळू फिरत होती. एका जिल्ह्याच्या गावी होऊ घातलेले वाचनालय होते ते. खिडक्यांना गज, जिन्याला कठडा, वाचनकक्षात ओळीने मांडलेली टेबले, दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जे आणि पश्चिमेच्या अंगाला लांबच लांब व्हरांडा. स्वच्छतागृहातला नळसुद्धा आर्किटेक्टने सोडला नव्हता.

“झाले की सगळे!” मी म्हटले. “आता तू काय करणार यात?”

“आता यातलं बरंचसं काढून टाकायचं, काका.”

आणि माझ्यादेखत तिने ते काढायला सुरुवात केली. आधी टेबलखुर्च्या गेल्या. मग नळ, बेसिन, दारांच्या मुठी, जिन्याचे कठडे. त्यानंतर खांब-तुळया गेल्या, भिंतींची जाडीही गेली. तासाभराने पाहिले तर पडद्यावर एकमेकांना चिकटलेली पाच-सहा रिकामी खोकी तेवढी उरली होती आणि त्यांच्यावर खिडक्यांचे चौकोन. लहान मूल घर काढते ना, तसे. मी म्हटले, “अगं, हे तर भातुकलीतले घर झाले!”

“तेच तर हवंय,” ती म्हणाली. “या घरावर आता वर्षभराचं ऊन पाडायचं.”

तिचा व्यवसाय इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब मांडण्याचा. इमारत उभी राहण्यापूर्वीच ती किती तापेल, किती वीज खाईल, वातानुकूलनाची यंत्रे केवढी लागतील, हे संगणकावर आधी पाहून घ्यायचे. आर्किटेक्टचे मॉडेल घ्यायचे, त्याचे सोपे मॉडेल करायचे आणि ते हिशेबाच्या प्रोग्रॅमला द्यायचे. ऐकायला हे अगदीच कारकुनी काम वाटते. मलाही तसेच वाटले होते. पण त्या चार दिवसांत, याच कारकुनीत एक अख्खा व्हरांडा कसा हरवला आणि हरवलेला तो व्हरांडा खऱ्याखुऱ्या व्हरांड्याच्या जिवावर कसा उठला, ते मी पाहिले.

वीस खोल्यांचे दिवे

या विद्येची मुळे १९७३ च्या तेलटंचाईत आहेत. अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कॅलिफोर्नियात बर्कली येथे आर्थर रोझेनफेल्ड नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. एन्रिको फर्मींच्या हाताखाली शिकलेला हा माणूस मूलकणांच्या संशोधनात रमलेला होता. त्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री घरी निघताना त्यांनी मनातल्या मनात एक हिशेब केला. आपल्या मजल्यावरच्या वीस खोल्यांचे दिवे सोमवारपर्यंत असेच जळत राहिले, तर एकेका खोलीमागे पाच गॅलन पेट्रोलइतके इंधन फुकट जाणार; म्हणजे वीस खोल्यांचे शंभर गॅलन, जवळजवळ पावणेचारशे लिटर! सोमवारी मात्र आपण पंपावरच्या रांगेत उभे. ते दिवे मालवायला गेले, तर बटणे सापडेनात. कुठे कपाटामागे, कुठे पुस्तकांच्या मांडणीमागे दडलेली. ती शोधण्यातच वीस मिनिटे गेली.

रोझेनफेल्ड यांनी नंतर मूलकण सोडले आणि इमारतींचा ध्यास घेतला. बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत इमारतींच्या ऊर्जेचा अभ्यास उभा राहिला आणि त्यांच्याच पुढाकाराने १९७० च्या दशकाअखेर ‘डीओई-२’ हा हिशेबाचा प्रोग्रॅम तयार झाला. अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन विभागाने ‘ब्लास्ट’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम केला होता. या दोघांचे गुण एकत्र आणून २००१ मध्ये ‘एनर्जीप्लस’ आला. तो कोणालाही फुकट मिळतो आणि आज जगभर वापरला जातो. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर असलेले अशोक गाडगीळ यांनीही याच लॉरेन्स प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम केले. अतिनील किरणांनी स्वस्तात पाणी शुद्ध करणारे त्यांचे यंत्र पुष्कळांना ठाऊक असेल.

हा प्रोग्रॅम करतो तरी काय? वर्षाचे तास ८,७६०. प्रत्येक तासाला तो प्रत्येक खोलीपुढे तेच ते प्रश्न घेऊन उभा राहतो. काचेतून किती ऊन आत आले? भिंतीतून किती उष्णता झिरपली? आत माणसे किती, दिवे किती? फटींतून किती हवा आली? आणि या सगळ्यानंतर खोली किती तापली, किंवा ती थंड ठेवायला यंत्राला किती उष्णता बाहेर फेकावी लागली? हवामानाचे आकडे त्याला गावाप्रमाणे द्यावे लागतात. त्यासाठीचे वर्षही गमतीचे असते. अनेक वर्षांच्या नोंदींतून मे एका सालचा, जून दुसऱ्या सालचा, असे नेहमीसारखे महिने निवडून ते शिवलेले असते. असे वर्ष पंचांगात कधी आलेलेच नसते. पण गावचे हवामान त्यात अचूक भेटते.

या प्रश्नांत नळाला जागा नाही, जिन्याच्या कठड्यालाही नाही. उलट प्रत्येक फालतू पृष्ठभागाची सावली कोणावर पडते हे प्रोग्रॅम इमानेइतबारे मोजत बसतो आणि मिनिटांचे काम तासांवर जाते. म्हणून आधी निवडणे-टिपणे आले. तांदूळ निवडावेत तसे.

भिंत कुठे संपते?

पण निवडून भागत नाही. खरी अडचण अशी की आर्किटेक्टची भिंत आणि हिशेबाची भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आर्किटेक्टची भिंत गवंड्यासाठी असते. तिला लांबी, उंची, जाडी असते, विटा असतात, गिलावा असतो. हिशेबाची भिंत म्हणजे दोन हवांमधला बांध. इकडे खोलीतली हवा, तिकडे बाहेरची किंवा शेजारच्या खोलीतली. तिला कागदासारखे सपाट करतात आणि विटा, गिलावा, त्यांची जाडी, हे सगळे त्या कागदाच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवावी तसे लिहून ठेवतात. उष्णता किती झपाट्याने पार होईल, हे प्रोग्रॅम त्या चिठ्ठीवरून ठरवतो.

आता हा कागद नेमका कुठे उभा करायचा? भिंतीच्या आतल्या अंगाला, मधोमध की बाहेरच्या अंगाला? फ्लॅट घेताना कार्पेट एरिया आणि बिल्ट-अप एरिया यांच्यात पोळलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न समजावून सांगायला नको. आतून तीन मीटर बाय चार मीटरची खोली घ्या. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. भिंती २३ सेंटीमीटरच्या असल्या आणि मध्यरेषा धरली, तर तीच खोली १३.६६ चौरस मीटरची होते. बाहेरचे अंग धरले, तर १५.४३. घर तेच, भिंती त्याच, पण हिशेबातली जमीन सव्वापटीहून अधिक! दिवे, माणसे, पंखे हे सारे दर चौरस मीटरला धरलेले असले, तर तेही त्याच प्रमाणात फुगतात. म्हणून नियम कोणताही धरा. पण एकदा धरला की साऱ्या इमारतीत तोच पाळा, असे या धंद्यातले शहाणपण सांगते.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. वाचनकक्षाची भिंत चाळीस फूट लांब आहे. पलीकडे पंधरा फुटांत ग्रंथपालाची खोली, दहा फुटांत कोठार आणि उरलेली पंधरा फूट उघड्यावर. आर्किटेक्टच्या लेखी ही एकच भिंत. हिशेबाच्या लेखी तीन, कारण पलीकडची हवा तीन प्रकारची. तेव्हा भिंतीचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा जोडीदार नेमून द्यायचा. यातली एखादी जोडी जुळली नाही, तर प्रोग्रॅम समजतो की पलीकडे कोणी नाही, ही भिंत बाहेर उघडी आहे. मग घराच्या पोटातली भिंत मे महिन्याच्या उन्हात तापू लागते! संगणक त्यावर हूं की चूं करत नाही. आकडा मात्र येतो, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत.

तिसरी अडचण फटींची. आर्किटेक्टच्या नकाशात खोली दिसायला बंद असते, पण भिंत छताला अर्धा इंच कमी पडलेली असते. खऱ्या कामावर गवंडी ती जागा न सांगता भरून काढतो. संगणकाला तेवढी अक्कल नाही. त्याच्या लेखी ती खोली खोलीच नव्हे. पोते शिवलेलेच नाही, तर धान्य मोजणार कसे? मग पुतणीसारखी माणसे रात्र रात्र बसून ही पोती शिवत असतात.

शिवाय कुठल्या खोल्या एकत्र धरायच्या, हेही ठरवावे लागते. एकाच दिशेच्या, एकाच कामाच्या, एकाच यंत्रावर चालणाऱ्या चार खोल्यांचा एक विभाग केला तरी चालते. उलट एखादे मोठे दालन असेल, तर ते एकच असूनही त्याचे तुकडे करावे लागतात. खिडकीजवळची हवा आणि आतली हवा यांचे दुखणे वेगळे असते. बाहेरच्या भिंतीपासून पंधरा फुटांपर्यंतचा पट्टा वेगळा धरावा, असा एक प्रचलित अमेरिकी नियम आहे. जुन्या वाड्यातल्या माजघराला आणि ओसरीला एकच उन्हाळा वेगवेगळा भेटत असे, हे आपल्या आज्यांना नियमावाचून माहीत होते.

सावलीचा हिशेब

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतणीचा चेहरा उतरला होता. वाचनालयाच्या बांधकाम समितीला तिच्या कार्यालयातून पहिले निष्कर्ष आधीच गेले होते. ते दुसऱ्या कोणी घाईत काढले होते. त्यात पश्चिमेच्या वाचनकक्षाला भलेमोठे वातानुकूलन यंत्र लागेल, असे दिसत होते. ते वाचून समितीतल्या एका व्यवहारी सभासदाने सूचना केली होती. एवढे करून यंत्र बसवायचेच आहे, तर व्हरांडा हवा कशाला? तो काचांनी बंद करून आत घ्यावा. तेवढीच पंचवीस मुलांची बसायची सोय होईल. सूचना सगळ्यांना पटली होती आणि सोमवारी बैठक होती.

“काका, मला हे आकडे पटत नाहीयेत,” ती म्हणाली. “एवढा खोल व्हरांडा असताना दुपारी साडेचारला ही खोली एवढी तापेलच कशी?”

तिने जुन्या फाइलवर एप्रिलमधल्या दुपारचे ऊन पाडून पाहिले. पश्चिमेची भिंत डोक्यापासून पायापर्यंत उन्हात न्हाऊन निघाली होती. व्हरांडा तिथे नव्हताच.

तो गेला कुठे? एका मॉडेलचे दुसरे मॉडेल करणारा प्रोग्रॅम फक्त बंद खोल्या उचलतो. व्हरांडा तीन अंगांनी उघडा; त्याच्या लेखी ती खोलीच नव्हे. व्हरांड्याचे छप्पर कोणत्याच खोलीचे छत नाही, म्हणून तेही बेवारस ठरून गळाले. दक्षिणेच्या छज्ज्यांचे आणखी निराळे. ते आर्किटेक्टने खिडकीच्या तयार तुकड्याचाच भाग म्हणून काढले होते. गजांबरोबर तेही साफ झाले. सगळे अगदी नियमाप्रमाणे घडले होते. कोणी चूक केलीच नव्हती आणि वाचनालय मात्र बोडके होऊन उन्हात उभे होते.

छज्ज्याची किंमत काय असते, हे शाळेतल्या त्रिकोणमितीने काढता येते. पुण्याच्या अक्षांशावर २१ मार्चला भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंश वर असतो. दक्षिणेच्या खिडकीवरचा दोन फुटी छज्जा तेव्हा जवळजवळ सहा फूट सावली पाडतो. चार फुटी खिडकी पुरती झाकली जाते. २१ डिसेंबरला सूर्य ४८ अंशांवर उतरतो आणि तोच छज्जा सव्वादोन फुटांचीच सावली देतो. थंडीत थोडे ऊन आत येऊ देतो. पश्चिमेला मात्र हा छज्जा लंगडा पडतो. एप्रिलच्या मध्यावर साडेचारच्या सुमारास सूर्य तीस-बत्तीस अंशांवर आलेला असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा सव्वा फूट. तिथे आठ फुटी व्हरांडा लागतो; तो पाच फुटांपर्यंत सावली धरतो. आपल्याकडे जुन्या शाळांना, कचेऱ्यांना, डाकबंगल्यांना व्हरांडे होते ते शोभेसाठी नव्हेत.

तिने व्हरांड्याचे छप्पर आणि छज्जे नव्याने काढले. पण ‘खोली’ म्हणून नव्हे, तर नुसते ‘सावली पाडणारे पृष्ठभाग’ म्हणून. त्यांच्यात हवा नाही, उष्णता नाही, काही नाही, फक्त सावली. मग हिशेब पुन्हा लावला आणि आम्ही चहा घेतला. चहा संपेतो उत्तर आले. तिच्या कार्यालयाचे आकडे मी इथे देणे बरे नव्हे. पण यंत्राचा आकार असा खाली आला की तिने तीनदा तपासून पाहिला. रात्री साडेदहाला तिने आपल्या वरिष्ठांना फोन केला. सोमवारच्या बैठकीत सुधारित हिशेब ठेवला गेला आणि व्हरांडा वाचला.

तो वाचला नसता तर? व्हरांडा काचेत गेला असता. काच तापली असती, म्हणून तिला काळी फिल्म लावली असती. फिल्ममुळे अंधार झाला असता, म्हणून भर दुपारी दिवे लागले असते. त्या दिव्यांची उष्णता पुन्हा यंत्रानेच बाहेर फेकली असती. आणि वीज गेली की खेड्यापाड्यांतून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला आलेली मुले त्या काचेच्या पेटीत घामाघूम होऊन बसली असती. हे सगळे एका फाइलमधून गळालेल्या छपरामुळे.

एका बटणाचे स्वप्न

मग हे काम एका बटणावर का होत नाही? प्रयत्न बरेच झाले आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ‘इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस’ नावाची सर्वांना समजेल अशी एक भाषा घडवली जात आहे. तिच्यात भिंत ‘मी भिंत आहे’ असे स्वतः सांगते. २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा पूर्ण दर्जा मिळाला. २००० साली खास ऊर्जेच्या हिशेबासाठी ‘ग्रीन बिल्डिंग एक्सएमएल’ आली. लॉरेन्स प्रयोगशाळेतच व्लादिमीर बाझ्यानाट्स यांनी या विषयावर वर्षानुवर्षे काम केले. त्यांचा आग्रह साधा होता: सोपे करण्याचे नियम लिहून ठेवा. नाहीतर एकाच इमारतीची दोन माणसे दोन सोपी मॉडेले करतील, दोन उत्तरे काढतील आणि दोघेही शपथेवर खरे असतील.

हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमचीही परीक्षा असते. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या उपक्रमातून ती तयार झाली. परीक्षेला बसवलेले घर कसे, तर आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, २.७ मीटर उंच अशी एकच खोली आणि दक्षिणेला दोन खिडक्या. पुन्हा भातुकलीच! त्या खोलीवर सगळ्या प्रोग्रॅमांनी आपले गणित सोडवायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न मला फार आवडला. खोली तीच, खिडक्या त्याच, फक्त दक्षिणेच्या भिंतीवर एक मीटरचा छज्जा. किती फरक पडतो ते सांगा. छज्जा विसरणारा तिथे नापास होतो.

आपल्याकडेही हा हिशेब आता हौसेचा राहिलेला नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००७ मध्ये मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता आली. तिच्यात एक वाट अशी आहे की आपल्या इमारतीचे एक नियमांबरहुकूम जुळे भावंड संगणकावर उभे करायचे आणि आपली इमारत त्याच्याहून जास्त ऊर्जा खात नाही, हे दाखवून द्यायचे. २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आली. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने, थंड प्रदेश वगळता, दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटची मर्यादा घातली. २०२२ च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी संकुलांनाही कायद्याच्या कक्षेत आणण्याची वाट मोकळी केली. तेव्हा नवे घर बघायला जाणाऱ्यांनी मॉड्युलर किचनबरोबर आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर सावली कशाची आहे? आणि इमारतीच्या उष्णतेचा हिशेब केला असेल, तर त्यात ती सावली धरली होती का?

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पुतणी आमच्या पश्चिमेच्या खोलीत सामान भरत होती. ही खोली वर्षातले तीन महिने आमचा छळ करते. तिथले वातानुकूलन यंत्र दोनदा बदलून झाले. विजेचे बिल आले की घरात शांतता पसरते. खिडकीबाहेरच्या भिंतीवर तिने हात फिरवला, खाली वाकून फरशीचा बदललेला रंग पाहिला आणि विचारले, “काका, इथे पूर्वी गॅलरी होती ना?”

होती. झोपाळ्याची कडी अजून वरच्या स्लॅबला आहे. मुले मोठी झाली, जागा पुरेना, तेव्हा सोसायटीतल्या सगळ्यांनी केले तसे आम्हीही केले. कठडा काढला, सरकत्या काचा बसवल्या आणि खोली चार फुटांनी वाढली म्हणून पेढे वाटले. संगणकाने वाचनालयाचे जे केले, ते आम्ही पंचवीस वर्षांपूर्वी हातांनी केले होते. आणि आमच्या घरात तो हिशेब पुन्हा तपासून पाहणारे कोणी नव्हते.

पुतणी गेल्यावर त्याच रविवारी मी बाजारातून बांबूची चटई आणली. सध्या ती काचेच्या बाहेरून टांगलेली असते. आतून नव्हे, बाहेरून, असे तिने बजावून सांगितले आहे. ऊन काचेतून एकदा आत आले की मग पडदा कितीही जाड असला तरी उशीर झालेला असतो. चटई काही व्हरांडा नव्हे. पण दुपारी चारला तिच्या काड्यांची सावली फरशीवर पडते, तेव्हा खोली थोडी पूर्वीसारखी वाटते. पुढच्या उन्हाळ्यात पुतणी येईल, तेव्हा आमच्या घराचेही भातुकलीतले घर करून घ्यायचे ठरले आहे. गॅलरी त्यात दोन्ही तऱ्हांनी काढून पाहू म्हणते: बंद आणि उघडी.